पेटाऱ्याखालचा पट

खिळ्याचं डोकं पुन्हा वर आलं होतं... काल संध्याकाळीच त्यावर बोथट सळई धरून त्याने तीन ठोके घातले होते, लाकडात चांगलं गहूभर खाली बसवलं होतं, वरून अंगठा फिरवून खात्री केली होती — आणि आता जनेलाच्या गजांतून येणाऱ्या सकाळच्या तिरप्या उन्हात ते तिथेच, जनेलाखालच्या दुसऱ्या फळीत, काळ्या जमिनीवर एकटंच चकचकीत, गोष्ट ऐकता ऐकता भलत्याच जागी हसणाऱ्या माणसाच्या दातासारखं. असा एखादा खिळा राहून गेला की मशीनचा पॉलिशपेपर टर्रकन फाटतो आणि पुन्हा म्हापशाची खेप पडते. बाबलीने सळई धरली, हातोडा उचलला आणि खिळ्याला बजावलं, "तू हट्टी, तर मी कोण?"

खिळा गेला. जाणारच होता. सत्तर वर्षांत बाबलीपुढे टिकलेली वस्तू एकच, ती म्हणजे चंद्रावती, त्याची बायको, आणि ती खाली चहा उकळत होती.

तो मागे सरून बसला आणि त्याने माडीकडे मालकाच्या नजरेने पाहिलं. चार दिवसांत तीन हिस्से जमीन घासून झाली होती. फणसाच्या फळ्या — वरून डांबरासारख्या काळ्या, आणि मशीनचा पहिला हात फिरला की आतून हळद. साठ वर्षं ही हळद काळ्या कातडीखाली दडून बसली होती, आणि फटींमधून खाणीची तांबडी धूळ, जी आता खाणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी मुळगावातल्या प्रत्येक घराच्या सांध्यांत मुक्कामाला आहे, ती पिठासारखी वर येत होती. मशीन चालू असताना एका जागी थांबायचं नाही, हा पहिला नियम. थांबलं की तेवढाच खड्डा पडतो, आणि तो पुढे कितीही तेल पाजलं तरी उजेडात दिसतो. दुसरा नियम, लाकडाच्या रेषेला आडवं जायचं नाही. हे दोन्ही नियम मशीन भाड्याने देणाऱ्या माणसाने दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितले होते. चंद्रावतीला सांगेपर्यंत मात्र ते सत्त्याहत्तर साली मुरगाव बंदरात एका जपानी कप्तानाने, बोटीचा डेक घासता घासता, बाबलीला कानात सांगितलेले होते. कप्तान रडला होता म्हणे सांगताना. का रडला, हे अजून ठरायचं होतं.

आता उरला होता जनेलाजवळचा कोपरा. पेटाऱ्याची जागा.

पेटारा म्हणजे बाबांचा. बाबलीच्या तोंडी तो पेटारा हलवायला आठ गडी लागत. एकदा भूकंप झाला तेव्हा घर हललं, पण पेटारा नाही. काल सकाळी त्याच्या एका बाजूखाली गोणपाट सारून चंद्रावतीने ओढलं आणि त्याने ढकललं, तर तो असा सरकला की बाबलीचा तोल गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चंद्रावती एवढंच म्हणाली, "आठ गडी जेवक थांबतले काय?"

त्यावर मी, म्हणजे बाबलीने, काहीतरी उत्तर दिलंच. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते चांगलं नव्हतं.

कोपऱ्याकडे पाहताना त्याला मजा वाटत होती, आणि मजेच्या थोडं खाली, जेवण जास्त झाल्यावर वाटतं तसं काहीतरी. दोन वाजताच्या बसने पद्माबाय येणार. पेडण्याहून, म्हापशाला बस बदलून, दरवर्षी शिरगावच्या जत्रेला येते तशी — त्र्याहत्तर वर्षांची त्याची बहीण, हातात पिशवी, पिशवीत भावासाठी फणसाचे तळलेले गरे. फक्त या खेपेला ती जत्रेसाठी येत नव्हती. या खेपेला ती बघायला येत होती.

ती गोष्ट गेल्या वर्षीची. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सगळी पोरंबाळं याच माडीवर लोळत होती, आणि बाबलीने नेहमीप्रमाणे विचारलं होतं, ही जमीन काळी का, ठाऊक आहे काय रे? याची उत्तरं त्याच्याकडे माणूस पाहून असत. खाणीवरच्या बंगाली इंजिनियरला त्याने सांगितलं होतं की या जमिनीवर तीन पावसाळे एक वाघ झोपायला येई, त्याच्या घामाने काळी झाली. एका पाहुण्याला, की ज्या फणसाच्या या फळ्या त्याचा एक गरा चिरताना गडी आत शिरला तो चवथीलाच बाहेर आला, तोही जाडा होऊन, आणि त्याच्या चिकट हातांचे हे डाग. पण घरच्या पोरांसाठी जी गोष्ट होती ती खरी होती. अगदी खरी. म्हणून तर तिला तिखटमीठ कमी लागे — तुमच्या या आजीने, पद्माबायने, तेरा वर्षांची असताना, कोऱ्या करकरीत जमिनीवर तापल्या खिळ्याने वाघ-बकरीचा पट कोरला! बाबा खवळले. एवढा मोठा काळा डाग लपवायचा कसा? तर सगळीच जमीन काळी केली, काजूच्या टरफलांचं तेल फासून, होडीला फासतात तसं. आणि पटावर ठेवला पेटारा.

पोरं हसली. पद्माबाय दरवर्षी हसते तशी हसली. आणि मग, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, त्या नव्या डोळ्याने पेटाऱ्याकडे बघत म्हणाली, "खंय असा तो पट? दाखव."

"पेटाऱ्याखाली."

"मग काढ पेटारो. साठ वर्सां आयकतंय मी ही गोष्ट. आता दोनी डोळे नवे केलंय. माका एकदा बघूचो असा."

"पुढच्या जत्रेक ये. सगळी जमीन घासून काढतंय, नि तुझी करामत तुकाच दाखवतंय."

"आणि माजो नाय निघालो तर?"

"पट सांगतलो काय कोणाचो तो?"

"सांगतलो," ती म्हणाली. "बघल्यार कळतला."

पोरांसमोर. भरल्या घरात. बाबलीने छातीवर हात मारून म्हटलं, तुझा नाही निघाला तर या तोंडाने परत एकही गोष्ट सांगणार नाही, मरेपर्यंत. चंद्रावतीने कोपऱ्यातून दोन्ही हात जोडले होते, देवाला.

विचार केला तर पैज मोठी होती. ज्याच्या पायांत आता दम नाही, ज्याची गाडी विकून पंधरा वर्षं झाली, त्याच्याजवळ तोंडाशिवाय असतं काय? नाक्यावरच्या हॉटेलात त्याच्यासाठी एक कदेल, खुर्ची, रिकामी ठेवतात ती काही त्याच्या रूपासाठी नव्हे. पण बाबलीला चिंता शिवली नव्हती. खरं बोलणाऱ्याला कसली चिंता? आयुष्यात एकदा खरं बोललो, तेही लहानपणी, आणि नेमकं त्याचाच पुरावा मागितला जातोय — याहून सोपी पैज कोणती?

"अवो, आयकतास मरे?" चंद्रावती जिन्याच्या पायथ्याशी होती. "चाय निवली. पदेर पावाचे उंडे देवन गेलो, ते वाळून दगड झाले."

तो खाली उतरला. स्वयंपाकघराच्या दारात तिने त्याच्याकडे पाहिलं आणि कप हातात देण्याऐवजी खाली ठेवला.

"तोंड बघलास आरशात? डोळे खंय गेले?"

"मशीन हलता ना. त्या हलण्यान सूज येता. जपानी कप्तानाचे पण—"

"कप्तानाक घाला खड्ड्यात. काजूचा तेल खाल्लेली जमीन ती. तिची धूळ अंगार घेतास नि वर मशीनाचा नाव सांगतास. हात दाखवा."

त्याने हात दाखवले नाहीत. परवापासून बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होतं, काल त्यात पाणी भरलं, आणि आज सकाळी मुठी मिटताना कातडी कोणीतरी लहान मापाची शिवल्यासारखी वाटत होती. साठ वर्षांनीही! त्याला त्या तेलाचं कौतुकच वाटलं. काय चिवट जिन्नस. फळ्या वाळल्या, बाबा गेले, आई गेली, राज्यं बदलली, आणि तेल अजून चावतंय.

"वन्संनी हे डोळे बघले तर माकाच बोलतली," चंद्रावती म्हणाली. "तिका सांगा, मी मारूक नाय म्हणान."

उंडा चहात बुडवताना त्याचं लक्ष अंगठ्यावरच्या जुन्या वणाकडे गेलं. उजव्या अंगठ्याच्या आतल्या बाजूला, तांदळाएवढा, पांढरा. सूज आल्यामुळे तो आज जास्त उठून दिसत होता. हा वण खाणीचा माल वाहायच्या त्याच्या टिपरच्या रेडिएटरचा. किंवा जत्रेच्या होमकुंडाचा. तिसरीही एक गोष्ट होती, तीत एक विंचू होता. तिन्ही त्याने इतक्या वेळा सांगितल्या होत्या की कुठली आधी झाली हे विचारलं असतं तर तारखा देता आल्या असत्या.

पुन्हा वर. मशीनला ऐंशी नंबरचा पेपर चढवायचा की आधी चाळीस — चाळीस. काळं उतरायला चाळीसच. त्याने तोंडाला चंद्रावतीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला, बटण दाबलं, आणि घरघर सुरू झाली, लोडिंगच्या रांगेत उभ्या गाड्यांची असे तशी.

ती रांग... तीस वर्षं त्या रांगेत गेली. धक्क्यावर बार्ज रिकामी होऊन लागेपर्यंत चार-चार तास गाड्या उभ्या, उन्हात पत्रा तापलेला, आणि गाडीच्या सावलीत वाडीचे, वेंगुर्ल्याचे, डिचोलीचे ड्रायव्हर वाघ-बकरी खेळत बसलेले. पट आखायचा बाबलीनेच, मातीच्या तांबड्या खड्याने, सिमेंटच्या ओट्यावर: चौकोन, चौकोनात चौकोन, तिरक्या रेषा, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर एक छोटी रेघ, तिला कपाच्या कानासारखा वळसा. ही त्याची चोरवाट. बकऱ्यांनी वाघ कोंडला की खेळ संपतो, ही सगळ्या मुलखाची रीत. बाबलीच्या पटावर मात्र कोंडलेल्या वाघाने एक डाव त्या कानात जाऊन बसायचं आणि मग परत यायचं. भांडणं झाली. एकदा वाडीच्या कृष्णनाथाने सोंगट्या उधळल्या — "ही खंयची रीत रे? आमच्या सात पिढ्यांनी असा कान बघूक नाय!" — तेव्हा बाबलीने त्याला सांगितलं की ही वाट कारवारच्या रानात एका म्हाताऱ्या वाघाने स्वतः नखाने आखून दाखवली. कृष्णनाथ इतका हसला की पुन्हा खेळायला बसला. तेव्हापासून धक्क्यावर त्याचं नावच पडलं, बाबलीचा पट. दुसऱ्या कुठल्या पटावर हा कान नव्हता. देवळाच्या फरशीवर नाही, घाटावर नाही, कुठे नाही. त्याने शोध लावला होता, अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात, धक्क्यावर, रांगेत. तारीखसुद्धा सांगितली असती.

मला कोंडलेलं आवडत नाही, एवढंच त्या कानामागचं शास्त्र. ब्रेक गेलेली गाडी घेऊन मी मुळगावच्या चढावरून मागच्या मागे डिचोलीच्या बाजारात उतरलो होतो, एकालाही न धडकता, आरशात बघून हात करत... ही गोष्ट हॉटेलात अजून मागून घेतात. चढ खरा आहे. बाजार खरा आहे.

मशीन पुढे सरकत होतं. काळं निघून पेटाऱ्याच्या चौकटीतला पहिला हात हळदीचा झाला, दुसरा झाला. तेलाचा तो वास आला — जळका, गोडसर, नाकात बसणारा — आणि त्या वासाबरोबर, न बोलावता, गोवा मोकळा झाला त्याच्या पुढचा, बासष्टचा, उन्हाळा आला.

धाकू मेस्त पेडण्याहून आला होता, ओसरीवर अकरा दिवस राहिला होता. फळीला फळी अशी लावायचा की मधून मुंगीने अंग चोरून जावं. शेवटची फळी बसवली त्या दिवशी आईने गूळ वाटला, आणि बाबा अनवाणी पायांनी माडीवरून नुसतेच फिरले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा परत. एवढी मोठी, पिवळी, गुळगुळीत, रिकामी जागा... दहा वर्षांच्या पोराला तशी जागा दिसली की हात शिवशिवतातच — पण पोराचा प्रश्न नाही, पट पद्माबायने कोरला. त्याला सगळं लख्ख दिसत होतं. चुलीत लाल केलेला खिळा सांडशीत धरलेला. लाकडातून उठणारी धुराची दोरी. रेघ सरळ यावी म्हणून जिभेचं टोक दातांत धरलेलं. आणि तिची वेणी, लाल फीत बांधलेली, पुढे लोंबत असलेली, अगदी डोळ्यांसमोर.

मग बाबांची पावलं जिन्यावर. मग बाबा दारात. त्यांनी विचारलं, कोणी? आणि मी म्हणालो, पद्माबायने.

ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. म्हणजे तीच. निर्दोष माणूस ओरडतो.

बाबा मुलींवर हात उगारत नसत, त्यांची शिक्षा वेगळी असे. जमीन काळी करायची ठरली, आणि ती जिने खराब केली तिने करायची. तीन दिवस पद्माबाय चिंधीने ते तेल फळ्यांना पाजत होती, भिंतीकडून जिन्याकडे. चौथ्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत फोडांनी भरले. आई खोबरेल लावायची आणि फुंकर घालायची, बाबा परसात जाऊन उभे राहायचे. पुढल्या आठवड्यात सातवीची परीक्षा होती. तिला लेखणी धरता आली नाही. मग पुढल्या वर्षी बसेल म्हणाले, आणि पुढल्या वर्षी पेडण्याचं स्थळ आलं.

ही गोष्ट सांगताना हातांचा भाग मी कधी सांगितला नाही. गोष्ट लांबते.

घरघर चालू होती, आणि पिवळ्या जमिनीवर एक काळी रेघ उमटली. बाबली हसला. तोंडावरच्या फडक्याच्या आत मोठ्याने हसला — निघाला! होता की नाही? रेघ रेघेला मिळाली, चौकोन झाला. वरचं काळं उतरत होतं आणि जळलेल्या खाचेतलं आत खोल राहत होतं, काजळाने आखावं तसं, साठ वर्षांपूर्वी होतं त्याहून कदाचित जास्त स्वच्छ. तिरकी रेघ. दुसरी तिरकी. मध्यावरचा ठिपका. काय सुरेख हात होता पद्माबायचा! त्याच्या मनात वाक्यं तयार होऊ लागली, दुपारी कसं सांगायचं, आधी तिला डोळे मिटायला लावायचे, मग जनेल उघडायचं, मग म्हणायचं, बघ तुझी... तो मशीन डावीकडे घेऊन गेला. वरचा कोपरा. डावा.

कोपऱ्यातून बाहेर एक छोटी रेघ आली.

तिला वळसा होता.

मशीन थांबवायचं नाही, हा पहिला नियम. त्याने बटण कधी बंद केलं हे त्याला कळलं नाही. कानांत घरघर तशीच होती. त्याने गुडघ्यांवर बसून फुंकर मारली, पिवळी धूळ उडाली. कपाचा कान. डाव्या बाजूने सुरू होऊन वर गोल, आणि टोकाशी, जिथे खिळा थंड पडत आला असणार, तिथे रेघ किंचित उसवलेली — मी खड्याने आखताना अजून तिथेच उसवतो.

अठ्ठ्याहत्तर साल. धक्का. म्हातारा वाघ.

तो तसाच बसून राहिला, आणि मग एक विचित्र गोष्ट झाली: चित्र तेच राहिलं, फक्त बघणाऱ्याची जागा सरकली. खिळा तोच, धूर तोच, दातांतली जीभ — दुसऱ्याची जीभ दातांत आहे हे कळतं, पण तिच्यावर दातांचा दाब लागत नाही, आणि दाब तर आत्ताही लागतोय. सांडशी घसरली तेव्हा अंगठा पोळला होता. आणि वेणी... वेणी डोळ्यांसमोर होती, गालाला लागत होती, तिला खोबरेलाचा वास होता. पट कोरणाऱ्या मुलीची वेणी माझ्या गालाला कशी लागेल? ती मागून वाकली होती. माझ्या खांद्यावरून. "बाबल्या, काय करतस रे हें?" आणि मग पावलं वाजली, आणि तिने माझ्या हातातली सांडशी काढून घेतली होती. माझं बोट भाजलं होतं म्हणून. बाबा दारात आले तेव्हा सांडशी तिच्या हातात होती.

मी नुसता गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण बाबांनी विचारलं, आणि मला वाट दिसली.

बाबलीने जनेलाबाहेर पाहिलं. काजूच्या झाडाखाली चंद्रावती कपडे वाळत घालत होती. सव्वा वाजला असेल. वेळ होता. पाच मिनिटं मशीन एका जागी धरलं तर तेवढ्या कोपऱ्यात खड्डा पडेल आणि कान त्या खड्ड्यात जाईल — आणि खड्ड्याची गोष्ट रचायला मला पाच मिनिटंही लागणार नाहीत. धाकू मेस्ताची फळीच पोकळ होती. किंवा, याहून बरं, घासायचीच गरज नाही: हो, कान आहे, मग? हा कान मी तुझ्याकडूनच शिकलो, पद्माबाय, तुझ्या पटावरून उचलला आणि धक्क्यावर माझा म्हणून खपवला, चोर तो मी एवढाच! किती झकास. कबुलीही आणि सुटकाही. पोरं टाळ्या वाजवतील. ती... ती हसेल, दरवर्षीसारखी.

दरवर्षी ती काय म्हणून हसत होती?

त्याने उठायचं ठरवलं आणि तो उठला नाही. हात खाजत होते, नव्हे, पेटले होते. खालून रिक्षा थांबल्याचा आवाज आला तेव्हाही तो तिथेच होता, मशीनच्या शेजारी, अंगभर हळद झालेला.

"चंद्रा, खंय असा तुजो घोव?"

"वर असा. जमीन खाता."

"जेवलो मां?"

"जमीन खाल्ल्यार भूक लागता काय, वन्सं?"

दोघी हसल्या. मग जिना वाजू लागला. तेरा पायऱ्या, पद्माबायचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून एक पायरी जड आणि एक हलकी. त्याने पायऱ्या मोजल्या. दहावीला ती दम खायला थांबली. एवढ्या वेळात पेटारा ढकलून पुन्हा जागेवर नेता आला असता, पेटारा हलका होता हे तर आता...

"अरे देवा!" ती दारात होती. "कोणी मारल्यान तुका?"

त्याने तोंडावरचं फडकं काढलं. "जमिनीन."

"चंद्रा! खोबरेल आण गे. वाटीभर आण." पिशवी तिने दाराशीच टेकवली, आली, पाय लांब करून त्याच्या समोर बसली, आणि पटाकडे न बघता आधी त्याचे हात ओढून मांडीवर घेतले. "खाजवलंस? खाजवू नको. खाजवल्यार पाणी पसरता, मग मनगटापर्यंत चढता. तीन दिवस आग जातली, चौथ्या दिवशी जास्त होतली. मग उतरता."

तुला कसं ठाऊक — हा प्रश्न त्याच्या दातांपर्यंत आला होता. सत्तर वर्षांत त्या दातांमागे काही अडलं नव्हतं. हे अडलं.

वाटी आली. चंद्रावती जमिनीकडे, मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून खाली गेली. पद्माबाय तेल लावत होती, बेचक्यांतून, एकेक बोट. तिच्या हातांवर कोपरापर्यंत फिकट ठिपके होते, तांदळाची पेज सांडून वाळावी तसे. तो समजत होता, म्हातारपणाचे आहेत. पंचवीस वर्षांची होती तेव्हाही तसं समजत होता. ती त्याच्या अंगठ्याशी आली, त्या पांढऱ्या तांदळावर तिचं बोट क्षणभर थांबलं, आणि पुढे गेलं.

मग तिने वाटी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले, चष्मा नाकावर नीट केला आणि वळून बघितलं.

तिचं बोट बाहेरच्या चौकोनावरून फिरलं, तिरक्या रेषेवरून मध्यावर आलं, तिथून वर, डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्यातून बाहेर. वळशावर.

"हो कान कसलो रे?"

आवाजात राग नव्हता. जत्रेत एखादं नवं खेळणं उचलून विचारावं तसं विचारलं तिने. आणि त्याच्या आत सगळ्या गाड्या एकदम सुरू झाल्या — मेस्ताची पोकळ फळी, म्हातारा वाघ, तुझ्याकडूनच शिकलो, उंदराने कुरतडलेली रेघ, जपानी कप्तान — एकामागे एक, इंजिनं धडधडत, भरलेल्या, फक्त त्याने हात दाखवायचा अवकाश. तो हात दाखवीना. हे त्याचं त्यालाच नवीन होतं. तेलाने माखलेले दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, लहान मुलाचे असावेत तसे फुगलेले, आणि ते उचलावेसे वाटत नव्हते.

"सांग मरे," पद्माबाय म्हणाली, आणि भिंतीला टेकून ऐसपैस बसली, दरवर्षी गोष्ट ऐकायला बसते तशी. "आयकतंय."

त्याने तोंड उघडलं. चढ खरा होता. ब्रेक नव्हता. गाडी मागे जात होती, मागच्या मागे, रांग मागे पडली, धक्का मागे पडला, अठ्ठ्याहत्तर साल गेलं, बासष्ट समोर येत होतं — आणि आरशात बघणाऱ्या बाबलीला गंमत ही वाटली की त्याला भीती अजिबात वाटत नव्हती.